कलहाची कैफियत

परीक्षणाच्या धंद्यात काही विशेषणे अशी आहेत की, ती स्तुतीचा वेष घेऊन येतात आणि निंदेचे काम उरकून जातात. 'हलकेफुलके' हे त्यांपैकी एक होय. एखाद्या नाटकास, कादंबरीस अथवा चित्रपटास हे विशेषण लाविले की परीक्षकाची जबाबदारी संपली; पुढे विचार करण्याचे कारण त्यास उरत नाही. या विशेषणाखाली ज्या कथांची सर्रास बोळवण होते, त्यांचा साचा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. घरात लग्नकार्य निघालेले. दोन्हीकडची माणसे जमलेली. त्यांत एक तरुण आणि एक तरुणी अशी की, त्यांचे परस्परांशी घटकाभर पटत नाही. शब्दास प्रतिशब्द आणि टोल्यास प्रतिटोला चाललेला. आणि ज्यांचे लग्न ठरले त्यांच्या डोक्यावर अक्षता पडतात न पडतात तोच या दोघांचेही सूत जमलेले.

नुकतेच माझ्या एका विद्वान मित्रांनी एका व्याख्यानात या कथाप्रकारावर शस्त्र उपसले. त्यांचे आक्षेप तीन होते. पहिला असा की, वैरातून प्रेम उत्पन्न होते हे म्हणणे मानवी स्वभावाचा विपर्यास करणारे आहे. ज्याचा तिटकारा असतो त्याचा तिटकाराच येत राहतो. दुसरा असा की, ही कल्पना परकी आहे. आपल्याकडे लग्नघर म्हणजे मंगलस्थान, तेथे असली हमरीतुमरी शोभत नाही. आणि तिसरा, जो त्यांनी सर्वांत जोराने मांडला, तो असा की, असल्या कथांमुळे उर्मटपणास, आणि त्यातही मुलींच्या उर्मटपणास, प्रतिष्ठा प्राप्त होते. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. मी वाजविल्या नाहीत. का वाजविल्या नाहीत, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम एक साधी गोष्ट मान्य व्हावी. कोणत्याही वाङ्मयप्रकाराची किंमत त्यातील सुमार मालावरून ठरवू नये. तशी ती ठरविली तर ऐतिहासिक कादंबरी आणि भावगीत या दोहोंनाही आपणास हद्दपार करावे लागेल. प्रकाराची परीक्षा त्यातील उत्तम कृतीवरून करावयाची. आणि लग्नघरातील या गोड वैराची उत्तम कृती कोणती, याविषयी इंग्रजी वाङ्मय ज्यांनी वाचले आहे त्यांच्यात फारसा मतभेद होण्याचे कारण नाही. ती म्हणजे शेक्सपिअरचे 'मच ॲडो अबाउट नथिंग' हे नाटक. ते १५९८-९९ च्या सुमारास लिहिले गेले आणि १६०० साली छापून निघाले. तेव्हापासून चारशे वर्षे या साच्याच्या जितक्या कथा आल्या, त्यांतील बहुतेकींची कुळी शोधीत गेल्यास आपण सिसिलीतील मेसिना शहरी, राज्यपाल लिओनाटो याच्या वाड्यात येऊन पोहोचतो.

लिओनाटोची मुलगी हीरो हिचे लग्न क्लॉडिओ नावाच्या तरुण सरदाराशी ठरते. हे नाटकाचे प्रमुख कथानक. आणि ते शेक्सपिअरचे स्वतःचे नव्हे. आरिऑस्टोचे महाकाव्य आणि बांडेल्लोची कथा यांत त्याची बीजे सापडतात. परंतु हीरोची चुलतबहीण बिॲट्रिस आणि क्लॉडिओचा मित्र बेनेडिक यांची जोडी ही मात्र बहुतांशी शेक्सपिअरची स्वतःची निर्मिती आहे. गंमत अशी की, लोकांनी प्रथमपासून डोक्यावर घेतले ते या जोडीलाच. १६१३ साली इंग्लंडच्या राजकन्येच्या लग्नसोहळ्यानिमित्त राजदरबारी जी नाटके झाली, त्यांत हे नाटक होते, आणि हिशेबात एका ठिकाणी त्याची नोंद या दोघांच्या नावाने केलेली आढळते. पुढे राजा पहिला चार्ल्स याने आपल्या जवळच्या १६३२ च्या प्रतीत या नाटकाच्या नावापुढे स्वहस्ताने बेनेडिक आणि बिॲट्रिस ही दोन नावे लिहून ठेविली. लग्न ज्यांचे, ते बाजूला. आणि भांडण ज्यांचे, त्यांचे नाव नाटकास, असा हा लोकांचा न्याय आहे. तो अडाणी आहे असे मला वाटत नाही.

आता पहिला आक्षेप. द्वेषातून प्रेम निघत नाही, हे माझ्या मित्रांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि शेक्सपिअर त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. तो द्वेषातून प्रेम काढून दाखवितच नाही. नाटकाचा पडदा वर जातो. युद्ध संपवून सरदार परत येत आहेत अशी वर्दी घेऊन जासूद येतो. बेनेडिकचे नाव अद्याप कोणी काढलेले नाही. ते प्रथम काढते ती बिॲट्रिस. एक टोपणनाव ठेवून ती त्याची चौकशी करते. मग त्याच्या शौर्याची, खाण्याची, मैत्रीची यथेच्छ टवाळी करते. ज्याचा खरोखर तिटकारा असतो, तो लढाईतून जिवंत परत येतो की नाही याची चौकशी कोणी पहिल्या वाक्यात करीत नाही. पुढे दुसऱ्या अंकात डॉन पेड्रोशी बोलताना ती ओझरते सांगून जाते की, बेनेडिकचे मन एकदा तिच्यापाशी उसने होते, तिने त्याचे व्याजही भरले, आणि त्याने ते खोट्या फाशांनी जिंकून नेले होते. एवढेच. यापुढे नाटककार त्या जुन्या प्रकरणाविषयी चकार शब्द काढीत नाही. परंतु लक्ष देऊन ऐकणाऱ्यास कळून चुकते की, हे वैर नसून न बुजलेली जखम आहे.

आणि याला आपल्या साहित्यशास्त्रात नाव नाही असे थोडेच आहे? विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभ शृंगाराचे चार भेद सांगितले आहेत: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. यांतील 'मान' म्हणजे रुसवा. आणि तो प्रणयातून उद्भवतो तसा ईर्ष्येतूनही. म्हणजे कलह हा शृंगाराचा शत्रू नसून शृंगाराचेच एक रूप आहे, हे आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच मान्य करून टाकिले होते. कोणी म्हणेल, मान हा प्रेम जडल्यानंतरचा आहे, आधीचा नव्हे. ते बरोबर आहे. आणि म्हणूनच त्या उसन्या मनाच्या ओझरत्या उल्लेखाचे महत्त्व. ज्यांना आपण वैरी समजून नाटकाच्या प्रारंभी भेटतो, ते खरे पाहता दुसऱ्या अंकातले प्रेमिक आहेत. त्यांचा पहिला अंक आपण पाहिलेला नाही, इतकेच.

यावर एक बळकट शंका घेता येण्यासारखी आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या दोघांना एकत्र आणण्यासाठी घरची मंडळी कट करितात. बेनेडिक बागेत लपून बसला असता त्याला ऐकू जाईल अशा बेताने लिओनाटो, क्लॉडिओ आणि डॉन पेड्रो बोलतात की, बिॲट्रिस त्याच्यासाठी झुरते आहे. तिकडे हीरो आणि तिची सखी बिॲट्रिसला तसेच ऐकवितात. मग हे प्रेम म्हणजे फसवणुकीचे फळ नव्हे काय? माझे उत्तर असे की, कट करणाऱ्यांनी काय ऐकविले ते नीट पाहावे. त्यांनी केवळ दुसऱ्याच्या प्रेमाची बातमी दिली नाही. प्रत्येकास त्याचा स्वतःचा दोष ऐकविला. तो तुसडा आहे, आपल्यावरील प्रेमाची तो थट्टा करील. ती गर्विष्ठ आहे, तिला स्वतःच्या बुद्धीपुढे कोणाचे मोल वाटत नाही. आणि दोघांचीही पहिली प्रतिक्रिया काय? आपले दोष सुधारण्याची. साऱ्या नाटकात गद्यात बोलणारी बिॲट्रिस या प्रसंगी एकटी उरल्यावर प्रथमच यमकबद्ध पद्यात बोलते. दहाच ओळी, पण त्यांत गर्वाला निरोप आहे. खोट्या बातमीने कोणाच्या मनात नसलेले प्रेम उत्पन्न होत नाही. मनात असलेले कबूल करावयास सबब मात्र मिळते. सबब मिळाल्याशिवाय कबुली न देणे हा मानी माणसांचा जगभरचा स्वभाव आहे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. तो ऐकून मला क्षणभर असे वाटले की, माझ्या मित्रांनी आजवर लग्ने निमंत्रणपत्रिकेतच पाहिली असावीत. आपले लग्नघर आणि कलह यांचा इतका जुना घरोबा आहे की, आपण कलहाचे विधीच करून ठेविले आहेत. सीमांतपूजनापासून मानपानाची मोजदाद सुरू होते. विहिणीचा रुसवा हा तर लग्नाचा अध्याहृत भागच. तो झाला नाही तर वधूपक्षासच चुकल्यासारखे वाटते. पंगतीत विहिणींना टोमणे मारणारी गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वधूचा भाऊ वराचा कान पिळतो आणि त्याबद्दल पागोटे अथवा पोशाख वसूल करितो. वधूवरांना नाव घ्यावयास लाविले म्हणजे उखाण्यातून एकमेकांना चिमटे काढण्याची परवानगीच दिली जाते. दोन अनोळखी कुळे एका मांडवाखाली आली की त्यांत थोडीबहुत चकमक होणारच. मग ती मनात कुजत ठेवण्यापेक्षा गाण्यात, थट्टेत आणि रुसव्यात मोकळी करावी, हे शहाणपण आमच्या आज्यापणज्यांना इंग्रजी न शिकता आलेले होते.

रंगभूमीचे म्हणाल तर अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले, ते लग्नघराचेच नाटक नव्हे काय? बलराम सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवून बसला आहे. अर्जुन संन्याशाच्या वेषात त्याच घरी येऊन राहतो. आणि सारी सूत्रे हलविणारा कृष्ण कोणाला काय ऐकवावयाचे आणि कोणापासून काय दडवावयाचे याचा हिशेब करीत गालांत हसत असतो. मेसिनाच्या बागेत डॉन पेड्रो जे करितो तेच द्वारकेत कृष्ण करितो. हा प्रकार परका असता तर मराठी प्रेक्षकांच्या इतक्या पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या नसत्या.

लग्नघराची निवड नाटककार करितात त्यालाही कारण आहे. एरवी ज्याच्याशी पटत नाही त्याच्या वाटेस न जाण्याची मुभा माणसाला असते. लग्नघरात ती नसते. चार दिवस एकाच छपराखाली काढावे लागतात, एकाच पंगतीत बसावे लागते, आणि अविवाहित माणसावर तर साऱ्या गोतावळ्याची नजर असते. आता तुमचा लाडू केव्हा, या प्रश्नाला तोंड दिले नाही असा अविवाहित मनुष्य दाखवावा! हीरोचे ठरताच बिॲट्रिसलाही आपण मागे उरल्याची थट्टा स्वतःवरच करून घ्यावी लागते. ती थट्टेने करिते. पण अशी थट्टा माणूस कशासाठी करितो, हे ज्या घरात मोठी मुलगी मागे राहून धाकटीचे आधी ठरले आहे त्या घरास विचारावे.

आता तिसरा आक्षेप; आणि खरा वाद येथेच आहे. बिॲट्रिस उर्मट आहे काय? आमच्या रंगभूमीने शेक्सपिअरच्या भांडखोर नायिकांपैकी कोणीस प्रथम आपलेसे केले, ते आठवून पाहावे. प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी 'टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकाचे मराठी रूपांतर केले आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजविले. त्याचे नाव 'त्राटिका'. नावातच निकाल आहे; जी मुलगी फटकळ बोलते तिला रामायणातील राक्षसीचे नाव! तिला उपाशी ठेवून, झोपू न देऊन, भर दिवसा सूर्याला चंद्र म्हणावयास लावून नवरा वठणीवर आणतो, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. केळकरांचे भाषाप्रभुत्व वादातीत आहे. परंतु त्यातील स्त्रीच्या वागणुकीचा जो धडा आम्ही आनंदाने पाठ केला, तो अद्याप आमच्या जिभेवर आहे असे मला माझ्या मित्रांचे व्याख्यान ऐकताना वाटले. भांडणाऱ्या मुलीस वठणीवर आणणारी कथा त्यांना खटकत नाही. भांडणाऱ्या मुलीस तशीच ठेवून तिच्यावर प्रेम करणारी कथा खटकते.

आणि गप्प बसणाऱ्या मुलीचे काय होते, ते याच नाटकात पाहावे. हीरो ही कोणत्याही मध्यमवर्गीय घरास हवी असलेली मुलगी आहे: सुंदर, विनयशील, मितभाषी. क्लॉडिओही तसाच, शूर आणि सभ्य. या दोघांत भांडण तर राहोच, संभाषणसुद्धा नाही. क्लॉडिओ तिला पाहतो, मोहित होतो, आणि तिच्याविषयी मित्राशी बोलताना लवकरच विचारतो काय, तर लिओनाटोला मुलगा आहे काय! म्हणजे इस्टेट कोणाकडे जावयाची. मग मागणी घालतो तीही स्वतः नव्हे. राजपुत्र डॉन पेड्रो मुखवट्याच्या नृत्यात त्याच्या वतीने घालतो. त्याच नृत्यात डॉन जॉन त्याच्या कानात कुजबुजतो की, राजपुत्र तिला स्वतःसाठीच मागणार. आणि क्लॉडिओ ते तात्काळ खरे मानतो. एकदा असा फसलेला हा गृहस्थ लग्नाच्या आदल्या रात्री पुन्हा फसतो. खिडकीत हीरोच्या वस्त्रांत तिची दासी मार्गारेट उभी असते. क्लॉडिओ दुरून पाहतो, आणि ती हीरोच असे समजतो. नाटकाच्या नावातही श्लेष आहे. त्या काळच्या इंग्रजी उच्चारात 'नथिंग' आणि 'नोटिंग', म्हणजे निरखणे, हे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येत. ज्याचे प्रेम केवळ डोळ्यांनी जडले, ते डोळ्यांनीच तुटले.

मग येतो चौथा अंक. आणि हे नाटक 'हलकेफुलके' म्हणणाऱ्यांनी तो वाचला आहे काय, अशी मला शंका येते. चर्चमध्ये, भर लग्नात, सर्व पाहुण्यांसमक्ष क्लॉडिओ हीरोला नाकारतो आणि तिच्या शीलावर आरोप करितो. तो रागाच्या भरात करितो असेही नव्हे. खिडकीकडे जाण्यापूर्वीच त्याने ठरविलेले असते की, संशय खरा ठरला तर सर्वांदेखत बेअब्रू करावयाची. हीरो बेशुद्ध पडते. आणि बाप? बाप आरोप करणाऱ्यांवर विश्वास ठेवितो. मुलगी मेली तर बरे असे म्हणतो. छापील प्रतींतील रंगसूचनांत हीरोच्या आईचेही नाव आहे, इनोजेन. पण ती साऱ्या नाटकात एक अक्षर बोलत नाही, आणि पुढील संपादकांनी तिला गाळूनच टाकिले. ज्या घरात आई अशी आहे की असून नसल्यासारखी, त्या घरच्या मुलीला स्वतःच्या निर्दोषपणाचे चार शब्द धड बोलता येऊ नयेत, यात नवल ते काय!

खरे म्हणजे सत्य त्या सकाळी दाराशी आलेले होते. डॉगबेरी नावाच्या चौकीदाराच्या माणसांनी कटवाल्यांना रात्रीच पकडले होते. पण डॉगबेरीचे बोलणे पाल्हाळिक आणि लिओनाटोला लग्नाची घाई; त्याने त्याला दारातूनच वाटेला लाविले. लग्नघरातील यजमानाचे इतके खरे चित्र मी अन्यत्र पाहिलेले नाही.

त्या संपूर्ण देवळात हीरोच्या बाजूने प्रथमपासून ठाम कोण उभे राहते? ती उर्मट मुलगी. तिला विचारले जाते की, काल रात्री तू हीरोजवळ निजली होतीस काय. वर्षभर रोज निजत होते, काल मात्र नव्हते, असे ती खरे खरे सांगून टाकिते. पुरावा बहिणीच्या विरुद्ध जातो हे ठाऊक असूनही खोटे बोलत नाही, आणि विश्वासही सोडीत नाही. आणि बेनेडिक? त्याचे सारे मित्र पाय आपटीत निघून जातात. तो मागे राहतो. दोघे एकटे उरतात, प्रेमाची कबुली होते, तो नेहमीच्या प्रेमिकाप्रमाणे म्हणतो की, तुझ्यासाठी काय करू ते सांग. आणि ती त्याच्या जिवलग मित्राचा वध मागते. तो नाही म्हणतो. मग तिचा जो संताप बाहेर पडतो तो स्त्रीजन्माच्या असहायतेचा आहे. आपण पुरुष असतो तर हे भर बाजारात निस्तरले असते, असा. शेवटी बेनेडिक तिला एकच प्रश्न विचारतो: क्लॉडिओने हीरोवर अन्याय केला असे तुला मनापासून वाटते काय? ती होय म्हणते. तो पुरावा मागत नाही. आव्हान देण्यास निघतो.

या दोन जोड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकाने डोळ्यांनी पाहिले तरी चुकीचे पाहिले, कारण जिला पाहिले तिला तो ओळखीत नव्हता. दुसऱ्याने काहीच पाहिले नाही, पण जिच्याशी तो वर्षानुवर्षे भांडला होता ती खोटे बोलणारी नाही एवढे त्यास पक्के ठाऊक होते. भांडणात माणूस आपला स्वभाव लपवू शकत नाही. त्याची बुद्धी किती चालते, तो कोठे थांबतो, वर्मी घाव बसला असता चेहरा कसा करितो, हे सर्व दिसून येते. गोड बोलण्यात यांतले काहीच दिसत नाही. बिॲट्रिसला उर्मट म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की, तुमच्या मुलीवर असा प्रसंग आला तर तिच्या बाजूला तुम्हांस हीरो उभी हवी, की बिॲट्रिस?

नाटकाची सारीच बाजू मी उचलून धरीत नाही. क्लॉडिओला शेवटी जी स्वस्तात क्षमा मिळते ती मला पंचविसाव्या वर्षी पटली नाही आणि आज पन्नाशी उलटल्यावरही पटत नाही. अखेरच्या प्रवेशात बिॲट्रिसचे तोंड चुंबनाने बंद करणारे वाक्य आहे, आणि त्यानंतर तिला एकही शब्द नाही, हेही खटकते. मात्र ते वाक्य जुन्या छापील प्रतींत बेनेडिकच्या नव्हे, लिओनाटोच्या तोंडी आहे. अठराव्या शतकात थिओबाल्ड या संपादकाने ते बेनेडिकला दिले आणि तेच रूढ झाले. बायकोचे तोंड बंद करणारा नवरा संपादकांना जास्त स्वाभाविक वाटला असावा. बर्नार्ड शॉने १८९८ साली या नाटकावर लिहिताना म्हटले होते की, या दोघांच्या संवादांतील शब्दसंगीत काढून नुसता अर्थ सांगितला तर उरते ती सामान्य टवाळी. हे थोडेसे खरे आहे. पण शॉने हिशेब केला तो वाक्यांचा. चौथ्या अंकात त्या वाक्यांतून जो विश्वास वसूल होतो, तो जमेस धरिला नाही.

आता माझ्या मित्रांस आनंद वाटेल असे थोडे बोलतो. आजकाल हा कथाप्रकार बहुधा निःसत्त्व झालेला असतो, हे मला मान्य आहे. परंतु त्याचे कारण त्यांनी सांगितले ते नव्हे. बर्लिओझसारख्या थोर संगीतकाराने १८६२ साली या नाटकावरून संगीतिका रचिली, तेव्हा डॉन जॉनचा कट आणि हीरोची विटंबना त्याने गाळूनच टाकिली. भांडण आणि समेट तेवढे ठेविले. २०२३ साली याच नाटकावरून बेतलेला 'एनीवन बट यू' हा चित्रपट आला आणि आमच्या विद्यार्थ्यांनी तो आवडीने पाहिला. त्यात बी आणि बेन हे दोघे ऑस्ट्रेलियात एका घरच्या लग्नाला जातात. आधी एकदा जमलेले असते, मग तिच्या कानावर त्याचे काही अपमानाचे बोलणे पडते, आणि वैर उत्पन्न होते. पुढे घरच्यांसाठी ते प्रेमाचे सोंग आणतात आणि सोंगाचे खरे होते. देखणी माणसे, सुंदर समुद्रकिनारा, दोन घटका करमणूक उत्तम. परंतु लग्नात कोणाची अब्रू पणाला लागत नाही, आणि या दोघांच्या प्रेमाला गैरसमज दूर होण्यापलीकडे कोणतीच कसोटी नाही. लग्न ठेविले, त्यातला चौथा अंक काढून घेतला. उलट १९९३ साली केनेथ ब्रानाने याच नाटकाचा चित्रपट केला, त्यात चर्चचा प्रसंग पूर्ण तीव्रतेने ठेविला आहे, आणि म्हणूनच आधीचे हसणे पोकळ वाटत नाही.

तेव्हा माझी तक्रार अशी की, आमचे लेखक हा प्रकार फार हलका करितात. आणि माझ्या मित्रांची तक्रार अशी की, तो मुळातच हलका आहे. या दोहोंत अंतर आहे. पहिल्यावर उपाय असतो, दुसऱ्यावर नसतो. कथेतील भांडण केवळ ऐकण्यातल्या चुकीमुळे झालेले असेल तर चूक कळताच ते संपते, आणि हाती काही उरत नाही. ते स्वभावांचे भांडण असेल, दोघांच्याही अभिमानास त्यात काही गमवावे लागत असेल, आणि मांडवात असा प्रसंग येत असेल की ज्यात आजवरच्या शब्दांची किंमत भरून द्यावी लागते, तर त्या कथेने वाचकाला हसविले म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा असता तर मी इतके लिहिले नसते. आजही आपल्या पुष्कळ घरांत लग्ने ठरतात ती कांद्यापोह्यांच्या बशीवर, वडीलधाऱ्यांच्या देखत, तासा-दोन तासांच्या ओळखीवर. त्या तासांत मुलगा आपली उत्तम वाक्ये बोलतो, मुलगी आपली. दोघांनाही एकमेकांचा राग कसा असतो ते ठाऊक नसते. मी ही पद्धत मोडा असे म्हणत नाही. तिच्यातून सुखी झालेले संसार मी पाहिले आहेत, माझाही त्यांतच आहे. पण अंतरपाट दूर होण्यापूर्वी त्या दोघांचे एखादे तरी खडाजंगी बोलणे व्हावे, आणि ते झाले म्हणून वडिलांनी पत्रिका परत पाठवू नये, एवढे मला निश्चित वाटते. ज्या मुलीला तोंड वर करून बोलण्याची सवय आहे तिच्याविषयी कोणी खोटे रचले तर ती उत्तर देऊ शकते. आणि ज्या मुलाने ते बोलणे ऐकून घेतले आहे, तो कानात कुजबुजणाऱ्या डॉन जॉनवर एकदम विश्वास ठेवीत नाही.

माझ्या मित्रांनी या लेखास याच मासिकातून उत्तर द्यावे, अशी त्यांना विनंती आहे. उत्तर सौम्य नसले तरी चालेल.